एकच फाइल, दहा हात

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या खेपेच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. काम पाच जणांचं असतं आणि फाइलीही पाच होतात. मंडळाची स्मरणिका असो, फौंड्रीतला रिजेक्शन रिपोर्ट असो की पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, घोळ सगळीकडे सारखाच आहे. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे. मेनूतली नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात तीच इथं देवनागरीत लिहिली आहेत.

आमच्या मंडळाची स्मरणिका दरवर्षी गणपतीआधी निघते. मजकूर पाच जण लिहितात, वर्डची फाइल व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते. गेल्या वर्षी ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन १’ करत अकरा फाइली झाल्या आणि छापखान्यात नेमकी जुनी गेली. देणगीदारांची नऊ नावं गळाली. माणसं अजून बोलून दाखवतात. यंदा काय करावं?
— मंडळाचे सचिव, मंगळवार पेठ

व्हॉट्सअॅपवर फाइल टाकली की समोरच्याला तिची प्रत मिळते. चौघांनी ती उघडली की चार फोनांत चार प्रती झाल्या. एकानं त्यात दुरुस्ती करून परत ग्रुपवर टाकली, ती पाचवी. त्याच वेळी दुसरा आपल्या प्रतीत देणगीदार वाढवत असेल, तर ती नावं पाचवीत येणारच नाहीत. तुमची नऊ नावं बहुधा अशीच गेली. कुणी मुद्दाम पुसली असं मनात आणू नका.

यंदा ग्रुपवर फाइल टाकायचीच नाही, फक्त लिंक टाकायची. मंडळाच्या नावानं एक गुगल खातं काढा. त्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, स्मरणिकेला ती पुरून उरते. पासवर्ड सचिव आणि खजिनदार दोघांकडे ठेवा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही अशा माणसाचा असू द्या, जो पुढची दोन-तीन वर्षं कार्यकारिणीत राहणार आहे. ड्राइव्हमध्ये ‘स्मरणिका’ फोल्डर करा आणि आत चार फोल्डर ठेवा: मजकूर, फोटो, छपाईला, जुने.

जुनी वर्ड फाइल ड्राइव्हवर चढवली असेल तर ती उघडून ‘फाइल’ मेनूतून ‘सेव्ह अॅज गुगल डॉक्स’ करा. इथं पुष्कळ जण फसतात. यानं नवी फाइल तयार होते आणि वर्डची जुनीही तिथंच राहते. नावही दोन्हींचं सारखंच. लगेच वर्डची फाइल ‘जुने’मध्ये हलवा, नाहीतर आठवड्याभरात दोघे जण दोन फाइलींत लिहीत बसतील.

सगळी स्मरणिका एकाच डॉकमध्ये लिहू नका. चाळीस पानांचा डॉक साध्या फोनवर जड होतो आणि बोट सरकवताना परिच्छेदच्या परिच्छेद उडतो. प्रत्येक लेखाला वेगळा डॉक द्या आणि सगळ्यांवर एक शीट (गुगल शीट्सचा तक्ता) ठेवा. तिच्यात पाच रकाने पुरेत: लेखाचं नाव, लेखक, डॉकची लिंक, स्थिती (कच्चा, तपासला, छपाईला) आणि शेवटची तारीख. सचिवानं रोज एवढी शीट बघितली तरी काम कुठं अडलंय ते कळतं, दहा फोन करावे लागत नाहीत.

आता परवानग्या. ‘शेअर’मध्ये तीन दर्जे आहेत. व्ह्यूअर फक्त वाचतो, कमेंटर टिपणी आणि सूचना करतो, एडिटर थेट बदलतो. लेखक आपल्या लेखाचा एडिटर. मुद्रितशोधन करणारे आणि बाकी कार्यकारिणी कमेंटर. कमेंटर जे काही टाइप करेल ते रंगीत सूचना म्हणून दिसतं, मूळ मजकूर तसाच राहतो, आणि लेखक खूण दाबून ते स्वीकारतो किंवा नाकारतो. ‘जनरल अॅक्सेस’ रिस्ट्रिक्टेड ठेवा आणि माणसं ईमेलनं जोडा. शेअरच्या चौकटीत वर दातेरी चाकाची खूण आहे, तिथं ‘एडिटर्स कॅन चेंज परमिशन्स’ची टिकही काढून टाका. ती राहिली तर कुणी एडिटर आपल्या मर्जीनं आणखी चार जणांना आत घेऊ शकतो.

देणगीदारांची यादी डॉकमध्ये ठेवूच नका, शीटमध्ये ठेवा. रकाने असे: पावती क्रमांक, नाव जसं छापायचं तसं, रक्कम. छपाईआधी शीटच्या ओळी मोजा आणि पावती पुस्तकातल्या फाडलेल्या पावत्या मोजा. मग दोन्हींच्या रकमांची बेरीज ताडून बघा. संख्या आणि बेरीज दोन्ही जुळल्या तर नाव गळालेलं नाही. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तुमच्या पत्रातल्या दुखण्यावर खरा इलाज हाच आहे.

फोटो डॉकमध्ये चिकटवू नका. ‘फोटो ३: पालखी’ असं कंसात लिहा आणि मूळ फोटो त्याच नावानं फोटो फोल्डरमध्ये ठेवा. छपाईला साधारण ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) लागतात, म्हणजे चार इंच रुंद फोटोला १२०० पिक्सेल. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीनं आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. पाठवणाऱ्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

शेवटची तारीख ठरली की त्या संध्याकाळी प्रत्येक डॉकमध्ये ‘फाइल’, ‘व्हर्जन हिस्ट्री’, ‘नेम करंट व्हर्जन’ करून ‘छपाईपूर्वी’ असं नाव द्या. मग सगळ्यांचा दर्जा व्ह्यूअर करा. पीडीएफ एकच माणूस काढेल. ‘छपाईला’ या फोल्डरमध्ये कधीही एकच पीडीएफ असेल, नवी टाकली की आधीची ‘जुने’मध्ये. छापखान्याला त्या फोल्डरची लिंक द्या आणि बजावून सांगा, ग्रुपवरून किंवा मेलवरून आलेली फाइल घ्यायची नाही. फाइलच्या नावात तारीख टाकायची तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. ‘फायनल’ हा शब्द नावात नको. त्यावरून फाइल कधीची ते कळत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात आम्ही स्वयंसेवकांनी शिरोळ तालुक्यातल्या स्थलांतरित कुटुंबांची यादी गुगल शीटमध्ये केली. वीस जण एकदम भरत होते. कुणीतरी नावं अकारविल्हे लावली आणि फोन नंबर दुसऱ्याच माणसांपुढं गेले. रात्रभर दुरुस्त करत बसलो. पुढच्या पावसाळ्याआधी तयारी करून ठेवायची आहे.
— स्वयंसेवक, कुरुंदवाड

कोरड्या दिवसांत हे विचारलंत ते फार बरं केलंत. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हा माणसं बाहेर काढायची असतात, ४३ फुटांच्या धोका पातळीला तर श्वास घ्यायला उसंत नसते. त्या वेळी शीटचे रकाने ठरवत बसता येत नाही. जानेवारीत कोरी शीट तयार ठेवा आणि वीस खोटी नावं भरून सगळ्यांना एकदा सराव द्या.

तुमच्या यादीचं काय झालं ते आधी सांगतो. कुणीतरी फक्त नावांचा रकाना निवडला आणि ‘सॉर्ट रेंज’ केलं. त्यानं तेवढाच रकाना हलतो, शेजारचे जागेवर राहतात. एक्सेल अशा वेळी ‘शेजारचे रकानेही घेऊ का?’ असं विचारतं, गुगल शीटमध्ये तो प्रश्न येईल यावर विसंबू नका. पुढच्या वेळी असं झालं तर सगळ्यांनी भरणं जागच्या जागी थांबवायचं. चूक लगेच लक्षात आली तर ज्यानं केली त्यानंच कंट्रोल-झेड दाबावं. उशीर झाला असेल तर व्हर्जन हिस्ट्रीत त्याआधीची वेळ शोधा, पण ‘रिस्टोअर’ दाबू नका. रिस्टोअरनं त्यानंतर भरलेल्या ओळीही पडद्यावरून जातात. त्या जुन्या आवृत्तीची ‘मेक अ कॉपी’ करा आणि नंतरच्या नव्या ओळी हातानं तिच्यात घ्या. एका घराची माहिती कुणी, कधी बदलली ते बघायचं तर त्या चौकटीवर राइट क्लिक करून ‘शो एडिट हिस्टरी’ करा.

मुळात स्वयंसेवकाला क्रम लावायची गरज पडते ती आपल्या गावची नावं शोधायला. त्यासाठी ‘डेटा’ मेनूत ‘फिल्टर व्ह्यू’ आहे. तो लावला की बदल फक्त त्याच्या पडद्यावर दिसतो, बाकी एकोणीस जणांची यादी हलत नाही. साधा ‘फिल्टर’ लावला तर सगळ्यांच्या पडद्यावरून ओळी गायब होतात आणि ‘यादी उडाली’ म्हणून हाकाटी होते. सरावाच्या दिवशी हा फरक प्रत्येकाच्या हातून करून घ्या, तोंडी सांगून भागत नाही.

गावाचं नाव टाइप करू देऊ नका. नृसिंहवाडी कुणी ‘नृसिंहवाडी’ लिहील, कुणी ‘नरसोबाची वाडी’, कुणी नुसतं ‘वाडी’. माणसाला तिन्ही एकच गाव कळतं, शीटला ती तीन गावं वाटतात. मग वाडीची किती माणसं कुठल्या छावणीत आहेत याचा आकडा तीन तुकड्यांत येतो आणि जेवणाची पाकिटं कमी पडतात. ‘डेटा व्हॅलिडेशन’मधून गावं, छावण्या आणि स्थिती (घरी, छावणीत, नातेवाइकांकडे, दवाखान्यात) यांच्या उतरत्या याद्या करा. यादीबाहेरचं काही भरलं तर शीटनं ते नाकारावं असा पर्याय निवडा.

आकड्यांत सगळ्यांनी इंग्रजी अंक वापरायचे. देवनागरी अंक शीट पुष्कळदा मजकूर म्हणून धरते आणि बेरजेत घेत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे, शीट ज्याला संख्या मानते ते चौकटीत उजवीकडे चिकटतं, मजकूर डावीकडे. माणसांच्या संख्येचा रकाना वरून खाली बघत जा, डावीकडे गेलेला आकडा बेरजेबाहेर आहे. फोन नंबरच्या रकान्याला मात्र आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करून ठेवा, म्हणजे सुरुवातीचं शून्य किंवा अधिकचं चिन्ह गळत नाही.

एक ओळ एका कुटुंबाची. पहिली ओळ ‘फ्रीझ’ करा आणि ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’मधून शीर्षकं आणि बेरजेची पानं कुलूपबंद करा, त्याची किल्ली दोघांकडेच ठेवा. गावं वाटून द्या, म्हणजे दोघं एकाच ओळीवर येणार नाहीत. पुरात रेंज जाते. ऑफलाइन भरलेलं नंतर जुळतं खरं, पण एकाच चौकटीत दोघांनी वेगळं भरलं असेल तर एकाचंच टिकतं. म्हणून बोटीवरच्या माणसाकडे पानांवर क्रमांक घातलेली वही असू द्या आणि शीटमध्ये वहीच्या पानाचा क्रमांक टाकायला एक रकाना ठेवा.

आणि ‘एनीवन विथ द लिंक’ला एडिटर ही परवानगी कधीच देऊ नका. पुराच्या दिवसांत लिंक कुठल्या कुठं जाते. नातेवाइकांना शोध घ्यायचा असेल तर नाव, गाव आणि छावणी एवढेच रकाने वेगळ्या शीटमध्ये घेऊन ती वाचायला खुली करा. फोन, आजार, आधार हे बाहेर जाता कामा नये. आधारचे शेवटचे चार अंक ओळख पटवायला पुरतात, सगळे बारा शीटमध्ये भरूच नका.

प्रश्नपत्रिकांच्या फाइली शाळेतल्या एका शिक्षिकेच्या खात्यावर होत्या. त्या बदलून गेल्या, महिन्याभरापूर्वी त्यांनी ड्राइव्ह साफ केलं आणि आमच्याकडचं सगळं गेलं. परत मिळेल का?
— शिक्षक, राधानगरी

आजच फोन करा. ड्राइव्हच्या ‘ट्रॅश’मध्ये फाइल ३० दिवस राहते, मग कायमची जाते. अजून मुदतीत असेल तर मॅडमनी त्यांच्या खात्यातून ‘रिस्टोअर’ केली की तुमच्याकडच्या लिंक पुन्हा चालू होतील. मुदत उलटली असेल तर कुणाच्या संगणकात किंवा मेलमध्ये डाउनलोड केलेली प्रत आहे का ते बघा.

फाइल तुमच्याशी शेअर झाली तरी मालकी त्यांचीच राहिली होती, हे मूळ कारण. यापुढं शाळेच्या खात्यातूनच फाइल जन्माला घाला. आधीच कुणाच्या खात्यात असेल तर शेअरच्या चौकटीत शाळेच्या खात्यापुढं ‘ट्रान्सफर ओनरशिप’ निवडा. समोरच्या खात्यानं मेलमधून ते स्वीकारल्याशिवाय मालकी बदलत नाही, हे विसरू नका. बदलीचा आदेश आला की किल्ल्या आणि हजेरीपट परत घेतो, त्याच यादीत हे लिहून ठेवा.

आमच्या क्वालिटी विभागात रिजेक्शनची एक्सेल फाइल सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये आहे. रोज ‘लॉक्ड फॉर एडिटिंग बाय अॅडमिन’ येतं. अॅडमिन म्हणजे कोण हेच कळत नाही. मग जो तो आपली कॉपी करून भरतो. दुसरं म्हणजे, शॉपवर जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगवर कास्टिंग मशिन झालं.
— क्वालिटी इंजिनिअर, शिरोली एमआयडीसी

अॅडमिनचं कोडं सोपं आहे. एक्सेल तिथं विंडोजचं नाव दाखवत नाही, ऑफिसमध्ये भरलेलं नाव दाखवतं, आणि एकाच माणसानं सगळे पीसी बसवले की सगळीकडे ‘अॅडमिन’ किंवा ‘यूजर’ पडतं. प्रत्येक पीसीवर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘जनरल’मध्ये जाऊन ‘यूजर नेम’ला ‘मोल्डिंग शिफ्ट’, ‘फेटलिंग’, ‘लॅब’ असं टेबलाचं नाव द्या. फाइल कुणी धरून ठेवलीय ते लगेच कळेल.

फाइल बंद असूनही कुलूप राहत असेल तर मध्येच लाइट गेली असावी. एक्सेल त्याच फोल्डरमध्ये मूळ नावाआधी लाटेसारखं चिन्ह आणि डॉलर (~$) असलेली एक लपलेली छोटी फाइल ठेवतं, ती मागं राहते. सगळ्या पीसीवर एक्सेल बंद असल्याची खात्री करा, टास्क मॅनेजरमध्येही बघा, आणि मगच ती छोटी फाइल काढा.

पण रोजचंच दुखणं असेल तर फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर न्यावी हे आमचं स्पष्ट मत. लॅनच्या फोल्डरमध्ये दोघांना एकदम भरता येत नाही, तिथं येतं. त्यासाठी फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारातली नको, एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह करा आणि फाइल उघडायचा पासवर्ड काढून टाका. हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक), पार्ट नंबर, दोषाचा प्रकार (ब्लो होल, सँड इन्क्लूजन, शिफ्ट) यांच्या उतरत्या याद्या करा. महिन्याअखेर ‘ब्लोहोल’ आणि ‘ब्लो होल’ वेगळे मोजले गेले तर पॅरेटो चार्ट (दोष जास्त ते कमी असे मांडणारा आलेख) खोटं बोलतो.

ड्रॉइंगचा मामला वेगळा आहे, तिथं सगळ्यांना बदल करता येणं हाच धोका. आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.५ कलमात कागदपत्रांवर नियंत्रण हवं असं म्हटलं आहे, ते नेमकं यासाठी. शॉपला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये फक्त चालू रिव्हिजनची पीडीएफ ठेवा, लिहायची परवानगी डिझाइनच्या एकाच माणसाला. नवी रिव्हिजन आली की जुनी त्याच दिवशी ‘कालबाह्य’मध्ये जाईल आणि तो फोल्डर शॉपला दिसणारच नाही. सर्व्हरवर इतकं केलं तरी मशिनवर चिकटवलेला कागद तसाच राहतो, आणि बहुतेक वेळा माल त्याच कागदावर बिघडतो. छापील प्रत देताना तिच्यावर शिक्का, रिव्हिजन आणि मशिन क्रमांक टाका, वहीत नोंद करा. जुना कागद हातात आल्याशिवाय नवा द्यायचा नाही.

वर्डमधलं कोटेशन गिऱ्हाइकाला मेल केलं. आम्ही खोडलेला जुना दर वाचून ते तेवढ्यालाच द्या म्हणून धरून बसले. आमच्या पडद्यावर तर काहीच दिसत नव्हतं.
— मशिन शॉप मालक, गोकुळ शिरगाव

तुमच्या वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ (प्रत्येक बदलाची खूण ठेवणारी सोय) चालू होतं आणि ‘रिव्ह्यू’ टॅबवर ‘नो मार्कअप’ निवडलेलं होतं. त्यानं खुणा फक्त लपतात, फाइलमध्ये शाबूत राहतात. पाठवण्याआधी प्रत काढा, ‘अॅक्सेप्ट ऑल चेंजेस’ करा, सगळ्या कमेंट काढा, मग ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘चेक फॉर इश्यूज’, ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा. एक्सेलमधून कोटेशन जात असेल तर हीच तपासणी लपवलेले रकाने आणि शीट दाखवते. कॉस्टिंगची शीट बहुधा तिथंच लपलेली असते. बाहेर जाणारा कागद पीडीएफच असावा, आणि ती पीडीएफ पाठवण्याआधी एकदा स्वतः उघडून वाचा, कारण मार्कअप दिसत असताना काढलेल्या पीडीएफमध्ये खोडाखोड छापली जाऊ शकते.

पतसंस्थेचा अहवाल जुन्या डीटीपी फाँटमध्ये आहे. यंदा गुगल डॉकवर घेतला तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली. बदलून घेतला तर शोधलेले शब्द निम्मेच सापडतात.
— व्यवस्थापक, कागल

श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. चौघांनी मिळून काम करायचं तर मजकूर युनिकोडमध्येच (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) हवा, मग फाँट मंगल असो, निर्मला असो की मुक्ता, प्रत्येकाच्या फोनवर मराठीच दिसेल.

कन्व्हर्टरमधून आलेला मजकूर डोळ्यांखालून घालायलाच लागतो. रफार (वर्ग, कर्ज, अर्थ), ऱ्हस्व वेलांटी आणि क्ष, ज्ञ, द्ध, श्र ही जोडाक्षरं आधी तपासा, तिथंच जास्त मोडतं. ताळेबंदातले आकडे तर जुन्या छापील प्रतीशी एक जण वाचतोय, दुसरा ताडतोय असे जोडीनं बघा.

शब्द निम्मे सापडतात त्याचं कारण बहुधा ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. दुसऱ्या, कर्मचाऱ्यांना, तऱ्हा यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. डोळ्यांना एकसारखा दिसतो, संगणकाला वेगळा. एका माणसानं एका कीबोर्डवर लिहिलेला ‘कर्मचाऱ्यांना’ दुसऱ्याच्या शोधात येत नाही. उपाय असा की मजकुरातला न सापडलेला शब्द कॉपी करून ‘फाइंड अँड रिप्लेस’च्या वरच्या चौकटीत चिकटवा, खालच्या चौकटीत आपल्या पद्धतीनं लिहा आणि सगळे बदला. शिवाय टीमनं एकच कीबोर्ड ठरवावा.

छापखान्याकडे पेजमेकर (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) असेल तर त्यात युनिकोड मराठी चालत नाही. इनडिझाइन असेल तर ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर चालू करायला सांगा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. पेजमेकरच असेल तर सगळं संपादन युनिकोडमध्ये पुरं करा आणि एकदाच उलटं कन्व्हर्ट करून द्या. त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती छापील प्रुफावर आणि त्याच दिवशी मूळ डॉकमध्येही, नाहीतर पुढच्या वर्षी जुन्या चुका परत छापाल.

मी टीममध्ये सगळ्यात लहान. सरांच्या मसुद्यात चूक दिसली तरी हात लावायला धजत नाही. थेट बदललं तर राग येतो, कमेंट टाकली तर ‘सगळ्यांसमोर चूक काढली’ म्हणतात.
— प्रकल्प सहायक, राजारामपुरी

दोन गोष्टी वेगळ्या करा. वेलांटी, दुबार शब्द, चुकलेली बेरीज यासाठी कमेंट नको, ‘सजेस्टिंग’ मोडमध्ये थेट दुरुस्ती करा. संगणकावर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एक्स एकत्र दाबलं की तो मोड येतो, फोनवर तीन टिंबांत ‘सजेस्ट चेंजेस’ आहे. सरांना एक क्लिक करायचा, बोलायचं काही नाही.

आशयाबद्दल शंका असेल तिथं कमेंट. ती शब्दावरच टाका, अख्ख्या परिच्छेदावर नको, आणि तिच्यात तीन गोष्टी असू द्या: काय खटकतंय, का, आणि तुमच्या मते काय हवं. ‘हे नीट करा’ किंवा नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं की वाचणाऱ्याला टोमणा वाटतो. त्याऐवजी असं लिहा: ‘सर, इथं १२ लाख आहे, तक्ता ४ मध्ये ११.४ लाख. तक्त्यातला आकडा घेऊ का?’ सर फोनवरून नुसतं ‘हो’ लिहू शकतात. अॅटच्या खुणेनं त्यांचा मेल जोडून ‘असाइन’ केलं तर कमेंट कुणासाठी आहे तेही स्पष्ट होतं.

मुद्दाच पटत नसेल, रचनाच बदलावी असं वाटत असेल, तर ते मार्जिनमध्ये मांडू नका. दहा मिनिटं समोर बसून बोला, आणि ठरेल ते नंतर एका ओळीत कमेंटमध्ये नोंदवा. सुटलेल्या कमेंटवर ‘रिझॉल्व्ह’ ज्याचा मसुदा त्यानंच दाबायचं, तुम्ही नाही. रिझॉल्व्ह केलेली चर्चा कमेंट हिस्ट्रीत राहते, त्यामुळं काही पुसलं जाईल अशी भीती नको. आणि सरांनी सूचना नाकारली तर तीच पुन्हा टाकू नका. आकडा खरंच चुकीचा असेल तर तक्ता ४ ची छापील प्रत घेऊन त्यांच्या टेबलाशी जा.